या शहरात तुम्ही सुखी आहात का?

मुंबई हे आशियातलं सर्वांत आनंदी शहर आहे, असं २०२५ मध्ये ‘टाइम आउट’ या नियतकालिकाच्या पाहणीतून पुढे आलं. जगातल्या निरनिराळ्या शहरांतल्या अठरा हजारांहून अधिक लोकांपुढे त्यांनी काही विधानं ठेवली होती. ‘माझं शहर मला आनंद देतं’ या विधानाला शंभरातल्या ९४ मुंबईकरांनी होकार दिला. बातमी वर्तमानपत्रांत आली, फोनवरून फिरली, आणि लोकलच्या डब्यात, कट्ट्यावर, कॅन्टीनमध्ये तिच्यावर एकच सवाल उठला: हे विचारलं कुणाला?

सवाल रास्त आहे, आणि वाटतो त्यापेक्षा खोलही आहे. शहराने आपल्याला सुख दिलं का आणि शहराने आपल्याला आपलं मानलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकातच गुंडाळतो आणि मग उत्तरं फसवी येतात.

शहरातलं सुख मोजायच्या पद्धती ढोबळमानाने दोन. पहिलीत शहराची तपासणी होते: दवाखाने किती, गुन्हे किती, पाणी किती तास, बस वेळेवर येते का. ‘इकॉनॉमिस्ट’च्या संशोधन विभागाची राहण्यायोग्य शहरांची यादी या प्रकारातली. परदेशी नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावं हा तिचा मूळ उपयोग. म्हणजे तिच्यातला ‘रहिवासी’ हा दोन-चार वर्षांसाठी आलेला, चांगल्या पगाराचा पाहुणा असतो. या यादीत कॅनडातलं व्हँकुव्हर वर्षानुवर्षं पहिलं येत असे. २०११ मध्ये मेलबर्नने त्याची जागा घेतली. त्याच सुमारास व्हँकुव्हर फाउंडेशन या तिथल्या धर्मादाय संस्थेने लोकांना विचारलं, की तुम्हाला सगळ्यात जास्त काय खुपतं? गरिबी किंवा घरांच्या किमती अशी उत्तरं येतील असं वाटलं होतं. लोक बोलले ते एकटेपणाबद्दल. २०१२च्या अहवालात दर तिघांतल्या एकाने सांगितलं, की इथे नवे मित्र जोडणं अवघड आहे. डोंगर, समुद्र, स्वच्छ हवा सगळं होतं. जीव लावायला माणूस मिळत नव्हता.

व्हिएन्नाचं उदाहरण याहून बोलकं. महापालिकेच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरं आहेत आणि जवळजवळ निम्मे रहिवासी अशा किंवा अनुदानित घरांत राहतात. २०१८ पासून ‘इकॉनॉमिस्ट’च्या यादीत व्हिएन्ना पुन्हा पुन्हा पहिलं आलं. पण परदेशांतून येऊन राहिलेल्या लोकांची ‘इंटरनेशन्स’ ही संस्था जी पाहणी करते, तिच्यात २०२२ मध्ये व्हिएन्ना राहणीमानात अव्वल ठरलं आणि स्थानिकांच्या आपुलकीत तळाला गेलं. मतदानाच्या वयाच्या रहिवाशांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना, ऑस्ट्रियाचं नागरिकत्व नसल्यामुळे, तिथल्या नगरपरिषदेसाठी मत देता येत नाही. ट्राम त्यांच्यासाठी वेळेवर येते, नळाला डोंगरातलं पाणी येतं, पण शहर कसं चालावं यावर त्यांचा शब्द नाही.

दुसऱ्या पद्धतीत शहराला बाजूला ठेवून माणसालाच विचारतात. हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेली शिडी अजून वापरात आहे. समजा शून्य ते दहा पायऱ्या आहेत, सर्वांत वर तुमच्या कल्पनेतलं उत्तम आयुष्य, खाली सर्वांत वाईट; तुम्ही कुठे उभे आहात? ‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’ याच शिडीवर उभा आहे. २०२० साली या अहवालाने देशांबरोबर १८६ शहरांचीही क्रमवारी लावली. हेलसिंकी पहिलं, आपली दिल्ली १८०वी. आता दिल्ली १८०वी आणि मुंबई आशियात पहिली, हे दोन्ही खरं असू शकतं, कारण दोन्हीकडे विचारलेलं वेगळं आहे. शिडीवर माणूस आपल्या अख्ख्या आयुष्याचा हिशेब करतो, त्यात कर्ज, आजारपण, मुलाची नोकरी सगळं येतं. ‘शहर आनंद देतं का’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे मरिन ड्राइव्ह येतो.

विचारून मिळालेल्या उत्तरातही एक गुंता आहे. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर या पिता-पुत्रांनी कोलकात्यातल्या झोपडपट्टीत आणि फुटपाथवर राहणाऱ्यांना, देहविक्री करणाऱ्या बायकांना आयुष्याबद्दल किती समाधान वाटतं हे विचारलं होतं. २००१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं समाधान सुस्थितीतल्या लोकांपेक्षा कमी होतं, पण बाहेरच्याने कल्पना केली असती त्याहून बरंच जास्त. घरच्या माणसांबद्दल, मैत्रीबद्दल ते भरभरून बोलले. वस्तीत काम केलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. मात्र अमर्त्य सेन यांनी दिलेला इशारा इथे हाताशी ठेवायला हवा: ज्याला कधी काही मिळालंच नाही, तो आपल्या इच्छाच आवरून घेतो, आणि मग त्याच्या समाधानावरून त्याच्या हक्कांचं मोजमाप करता येत नाही. वस्तीतली बाई हसून ‘बरं चाललंय’ म्हणाली, म्हणून तिच्या नळाला पाणी न आणण्याचा अधिकार कुणालाही मिळत नाही.

मग माणसाला शहर आपलं वाटतं ते कशाने? अमेरिकेतल्या नाइट फाउंडेशनने गॅलपच्या मदतीने २००८ ते २०१० अशी तीन वर्षं २६ शहरांतल्या सुमारे ४३,००० लोकांशी बोलून याचा शोध घेतला. मंदीचे दिवस होते, तेव्हा नोकरी आणि सुरक्षितता वर येईल असाच कुणाचाही अंदाज असता. वर आल्या त्या तीन गोष्टी: लोकांनी एकमेकांना भेटायच्या जागा आणि निमित्तं, गावाचं देखणेपण, आणि वेगवेगळ्या तऱ्हेच्या माणसांना गाव किती सहज सामावून घेतं. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्याला दार उघडं आहे हे पाहून आधीपासून आत असलेल्यांचंही गावावरचं प्रेम वाढत होतं. २०१८च्या ‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’ने स्थलांतरितांचा अभ्यास केला, तेव्हा या म्हणण्याला दुसऱ्या बाजूने दुजोरा मिळाला. कुठल्याही देशात बाहेरून आलेल्यांचं सुख तिथे जन्मलेल्यांच्या सुखाच्या अगदी जवळ जाऊन थांबतं. फिनलंड तेव्हा दोन्ही याद्यांत पहिलं होतं. घरच्यांना सुखात ठेवणारी व्यवस्था पाहुण्यांनाही सुखात ठेवते, आणि घरच्यांनाच पिळून काढणाऱ्या शहरात पाहुणाही पिळला जातो.

आता आपल्याकडे येऊ. केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये जगणं कुठे सुकर आहे याची क्रमवारी जाहीर केली. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी, ठाणे सहावं. महाराष्ट्रात पेढे वाटावेत असाच निकाल होता. पण त्यात लोकांना काय वाटतं याची मोजणी नव्हती. आकडे महापालिकांच्या दप्तरातले होते. पुढच्या फेरीत ही उणीव भरून काढली. नागरिकांच्या मताला ३० टक्के गुण ठेवले आणि १११ शहरांतल्या ३२ लाखांहून अधिक लोकांची मतं घेतली. मार्च २०२१ मध्ये निकाल लागला: मोठ्या शहरांत बंगळूर पहिलं, पुणे दुसरं, नवी मुंबई सहावी, बृहन्मुंबई दहावी. नुसत्या लोकांच्या मतानुसार क्रम लावला, तेव्हा भुवनेश्वर सर्वांत पुढे होतं, आणि त्याच्या मागोमाग सिल्वासा, दावणगेरे, काकिनाडा, बिलासपूर, भागलपूर अशी नावं होती. ज्या शहरांकडे तरुण नोकरीसाठी धावतात, त्यांपैकी एकही त्यात नाही. मला यात दावणगेरेच्या माणसाचं भाबडेपण दिसत नाही. कामावरून वीस मिनिटांत घरी पोचणारा, बाजारात चार ओळखीचे भेटणारा माणूस आपल्या गावाला चांगले गुण देणारच.

या पाहणीच्या तारखा मात्र मनातून जात नाहीत. ती १६ जानेवारी ते २० मार्च २०२० या काळात झाली. म्हणजे शहरात तुमचं बरं चाललंय का, असं विचारणं संपलं आणि पुढच्या पाच दिवसांत टाळेबंदी आली. त्यानंतर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मुंबई, ठाणे, भिवंडी, पुण्यातून माणसं चालत निघाली. कसाऱ्याच्या घाटात डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं घेतलेल्या रांगा लागल्या. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशाकडे निघालेले १६ मजूर रुळांवर थकून झोपले असताना मालगाडीखाली गेले. या लोकांना शहराने हाकललं नव्हतं. कामं होती तोवर त्यांची शहराला गरज होती, आणि रोजगार देणारं शहर त्यांनाही हवं होतं. काम थांबल्यावर कळलं, की पगाराखेरीज त्यांना शहराशी जोडणारा एकही धागा नव्हता. खोली मुकादमाची किंवा कारखान्याच्या आवारातली, भाडेकरार नाही. मत गावाकडे. शिधापत्रिका गावाकडे. एक देश एक रेशनकार्ड योजनेत महाराष्ट्र पहिल्या राज्यांबरोबर जानेवारी २०२० पासून होता, पण मजुराच्या मूळ राज्याची व्यवस्था तेव्हा जोडलेली नसेल, तर इथल्या दुकानदाराकडून त्याला धान्य कसं मिळणार होतं? घटनेच्या १९व्या कलमाने भारतात कुठेही राहण्याचा, वसण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. कागदावरचा तो हक्क शहरात खरा व्हायचा तर पत्ता लागतो, आणि पत्ता देणारं घर त्यांच्याकडे नव्हतं.

मुंबईचं जुनं वळण असं नव्हतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, पण ते कसं चालायचं हे समजून घेण्यासारखं आहे. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला माणूस परळ-लालबागला उतरायचा तो गावकीच्या खोलीत. एका गावच्या वीस-तीस पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली ती खोली. पाळीवर असणारे आळीपाळीने झोपायचे, ट्रंका भिंतीला, वळकट्या कोपऱ्यात. भाडं वर्गणीतून. नोकरी लागेपर्यंत नव्या पोराची वर्गणी इतर भरायचे आणि गिरणीत बदली म्हणून चिकटवायला गावचाच कुणी जॉबरशी, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाशी, बोलायचा. जेवण खानावळीत, पैसे पगाराला. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. महापालिकेने किंवा सरकारने स्वागताची काही सोय केलेली नव्हती; गावानेच शहरात एक पाऊल टाकायची जागा ठेवलेली होती. लंडनला १९३२ मध्ये महाराष्ट्र मंडळ निघालं, पुढे अमेरिकेतही मंडळं निघाली, तीही याच गरजेतून.

या व्यवस्थेची किंमतही होती. गावकीची खोली गावच्या जातीच्या रेषा सोबत घेऊन यायची, आणि बायकांना तिच्यात जागाच नव्हती. तरी अनोळखी शहरात पहिल्या रात्री अंग टाकायला ठिकाण आणि दुसऱ्या दिवशी भेटायला नाव, एवढं ती देत असे. १९८२च्या संपाने अडीच लाख गिरणी कामगारांचं आयुष्य उलथलं आणि त्याबरोबर ही बांधणीही ओसरत गेली. तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. आज लातूरहून पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी येणारा मुलगा कॉट बेसिसवर पेठेत राहतो, तिथे पैसे देणारा आणि पैसे घेणारा एवढंच नातं असतं.

घर हा या सगळ्याचा गाभा आहे. शहर कामाला या म्हणतं, राहायला या म्हणत नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत एक साधी, अचूक चाचणी केली होती. भाड्याच्या त्याच घरांसाठी वेगवेगळ्या नावांनी विचारणा केली. शिक्षण, नोकरी सारखी, फक्त नावावरून एक उच्चजातीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चजातीय नावाला जवळजवळ कुठेच नकार मिळाला नाही. दलित नावाला बऱ्याच ठिकाणी मिळाला, मुस्लिम नावाला त्याहून जास्त. कायद्याचीही याला फारशी अडचण होत नाही: २००५ मध्ये अहमदाबादेतल्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सहकारी संस्थेने आपलं सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवलं तर ते घटनाबाह्य ठरत नाही, कारण मूलभूत हक्क सरकारवर बंधनकारक आहेत, अशा संस्थेवर नाहीत. मुंबईत ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त कुटुंबासाठी’ हे शब्द दलालाच्या तोंडी इतके रुळले आहेत, की त्यात कुणाला बाहेर ठेवलं जातंय हे ऐकूही येत नाही. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला मराठी असल्यामुळे कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. तो संताप योग्य होता. ज्यांना नावामुळे, एकटी बाई असल्यामुळे, ताटातल्या मासळीमुळे रोज हे ऐकावं लागतं, त्यांच्यासाठीही तो उसळायला हवा, असं मी मनापासून मानतो.

आणि इथेच आपल्या घरातल्या एका अवघड गोष्टीबद्दल बोललं पाहिजे. मुंबईत मराठी माणसाला उपरं झाल्यासारखं वाटतं, ही भावना खोटी नाही. गिरगाव, दादर, परळ सोडून डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलेल्या पिढीने आपलं शहर हातातून सुटताना पाहिलं आहे. पण त्यांना तिथून हलवलं ते जमिनीच्या किमतींनी आणि मिटलेल्या गिरण्यांनी. भेळवाल्याने किंवा टॅक्सीवाल्याने नव्हे. २००८च्या फेब्रुवारीत मुंबईत आणि नाशिकमध्ये उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर, फेरीवाल्यांवर, मजुरांवर हल्ले झाले, नाशकातून हजारो माणसं गावी पळाली. त्याने परळच्या एकाही कुटुंबाला त्याचं घर परत मिळालं नाही.

स्वागत नाकारणारे नेहमी गुंडच असतात असंही नाही. ‘व्हाय लॉइटर?’ या २०११च्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या बायकांचा अभ्यास मांडला आहे. मुंबई बायकांसाठी सुरक्षित, असं आपण अभिमानाने सांगतो. त्यांचं निरीक्षण असं, की या शहरात बाई बाहेर असू शकते, पण कामाला निघालेली, खरेदीला चाललेली, मुलाला शाळेतून आणणारी अशी. नाक्यावर नुसतं उभं राहणं, बाकावर काहीच न करता बसून राहणं हा पुरुषाचा हक्क. शहर आपलं आहे याची खूण म्हणजे तिथे विनाकारण असता येणं, आणि या कसोटीवर निम्मं शहर अजून पाहुणं आहे. सार्वजनिक मुताऱ्यांत बायकांकडून पैसे घेतले जातात, पुरुषांकडून नाही, म्हणून २०११ पासून ‘राइट टू पी’ची चळवळ मुंबईत उभी राहिली, ती याच तक्रारीचं अगदी जमिनीवरचं रूप आहे.

इमारतीही हेच बोलतात. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचा संडास, स्वतःचं दार याची किंमत ज्याने रांगेत डबा धरला त्यालाच कळते, म्हणून चाळीचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण गॅलरी गेल्यावर माणसं भेटणार कुठे, हे आराखड्यात लिहावं लागतं, आपोआप घडत नाही. पुनर्वसनात ते विसरलं गेलं तर काय होतं, याचं कठोर उदाहरण गोवंडी-मानखुर्दला आहे. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासात तिथल्या क्षयरोगाचा संबंध या कोंदट रचनेशी जोडलेला दिसला. झोपडीतून पक्क्या घरात नेलं, असं सरकारी नोंदीत आहे. तेही शहरच आहे, जिथे खिडकीतून फक्त शेजारच्या इमारतीची भिंत दिसते.

एवढं असूनही ‘टाइम आउट’च्या पाहणीत होकार देणारे ते शंभरातले ९४ जण खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्यांच्या उत्तराचं कारण, माझ्या मते, अनोळखी माणसांत सापडतं. ‘रीडर्स डायजेस्ट’ने २०१३ मध्ये १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम हरवली. हेलसिंकीत ११ परत आली, मुंबईत ९, मुंबई दुसरी. बारा पाकिटांवरून शहराचं चारित्र्य ठरत नाही, पण हरवलेलं पाकीट परत येईल असा भरवसा असणारे लोक अधिक सुखी असतात, हे ‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’मध्ये मोठ्या आकड्यांनिशी दिसलं आहे. १९७२ मध्ये स्टॅनली मिलग्रॅम यांनी ओळखीच्या अनोळख्यांबद्दल लिहिलं: रोज त्याच फलाटावर दिसणारी, कधीच न बोललेली माणसं. मुंबईने त्यांना बोलतं केलं. ८.१२च्या लोकलच्या डब्यात भजन चालतं, दसऱ्याला हार-तोरणं लागतात, बायकांच्या डब्यात डोहाळजेवणं होतात, भाज्या निवडल्या जातात. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की चहा-कॉफी देणाऱ्याशी दोन शब्द बोलणाऱ्यांना नुसते पैसे देऊन निघणाऱ्यांपेक्षा बरं वाटतं आणि आपण इथले आहोत ही भावना वाढते. वाणी, इस्त्रीवाला, मासळीवाली, वॉचमन यांच्याशी रोज होणाऱ्या दोन वाक्यांचं मोल यावरून कळावं.

तिघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हटल्यावर मिळणारी चौथी सीट ही मुंबईच्या स्वागताची सगळ्यात खरी जागा आहे. आणि त्याच गाडीत, विरार लोकलमध्ये बोरिवलीला उतरणाऱ्याने पाय ठेवला तर त्याला दमदाटी होते, प्रसंगी उतरूही देत नाहीत. दोन्ही वागणुकी त्याच माणसांच्या. डबा दुप्पट भरला, की माणुसकीचा हिशेब बदलतो. त्यामुळे गाड्या वाढवणं हा रेल्वेचा तांत्रिक विषय वाटला, तरी तो स्वागताचाही विषय आहे.

शहरात आपलं कुणी ऐकतं का, यावरही आपलेपणा ठरतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका नगरसेवकांवाचून चालली. गटार तुंबलं तर ठोठावायला दारच नव्हतं. पुण्याने २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवू दिली, ही तुलनेने किती साधी सोय. पण आपण सुचवलेला बाक, आपण सुचवलेला दिवा रस्त्यावर दिसला, की माणूस त्या रस्त्याकडे निराळ्या नजरेने बघतो.

युरोपीय आयोग आपल्या शहरांची जी पाहणी करतो, तिच्यात एक प्रश्न मला फार आवडतो. २०२३ मध्ये ८३ शहरांतल्या ७१,०००हून अधिक लोकांना विचारलेल्या प्रश्नांत तो होता. तुम्ही सुखी आहात का, एवढ्यावर ते थांबत नाहीत. तुमचं शहर परदेशातून आलेल्यांसाठी राहायला चांगलं आहे का, वांशिक अल्पसंख्याकांसाठी, समलिंगी व्यक्तींसाठी, म्हाताऱ्यांसाठी, लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी चांगलं आहे का, असं प्रत्येकाला विचारतात. म्हणजे उत्तर देणाऱ्याला आपल्या खिडकीतून उठून दुसऱ्याच्या दाराशी जावं लागतं.

आपल्या महापालिकांनी हा प्रश्न इथल्या शब्दांत विचारावा. तुमच्या इमारतीत कुणाला घर नाकारलं गेलं का? तुमच्या नाक्यावर बाई रात्री नऊ वाजता एकटी बसू शकते का? तुमच्याकडे काम करणाऱ्या माणसाला लिफ्ट वापरता येते का? तुम्ही आजारी पडलात तर याच शहरात थांबाल की गावी जाल? आणि हे प्रश्न वेबसाइटवर किंवा फक्त सोसायटीच्या दारात नेऊ नयेत. बांधकामाच्या आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत रविवारी दुपारी जावं, कारण तेव्हाच मजूर सापडतात. पहाटे मासळी बाजारात जावं, मुलींच्या पीजीत जावं, रात्रनिवाऱ्यात जावं. सर्वोच्च न्यायालयाने लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा असं सांगितलेलं आहे. २०११च्या जनगणनेच्या १ कोटी २४ लाखांवरून मुंबईत असे सव्वाशेच्या आसपास निवारे असायला हवेत, प्रत्यक्षात त्यांची संख्या याच्या जवळपासही नाही. हिंदी, भोजपुरी, तमिळ, कन्नड बोलणारे पाहणी करणारे सोबत घ्यावेत. जो माणूस शहरात येऊन अजून वर्ष झालेलं नाही, त्याची उत्तरं वेगळी मांडावीत आणि ती पालिकेच्या अंदाजपत्रकासोबत सभागृहात वाचून दाखवावीत. आता सभागृहात ती ऐकायला नगरसेवकही आहेत.